मगदूम सरांचा रविवार

"मॅडम, एक विचारू का? ह्यांच्या प्लॅनमध्ये तेवढं गॅसचं लिहाल?"

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सतरंजी टाकून मी रेवाला पाजत बसले होते. अंगावरून ओढणी, मांडीवर पाच महिन्यांची लेक, गळ्यात शिट्टी. समोर माझी माणसं फेऱ्या मारत होती. माझी म्हणजे मी ज्यांना लांब पल्ल्याचं पळायला शिकवायची ती. दातांचे एक डॉक्टर, दोन शिक्षिका, पत्र्याच्या दुकानाचे मालक, कॉलेजातले ग्रंथपाल, अशी दहा-बारा जणं. सगळी वयानं माझ्याहून मोठी, सगळ्यांच्या मागे घरदार आणि नोकरी, आणि सगळ्यांना जानेवारीतल्या मॅरेथॉनला उतरायचं होतं.

विचारणाऱ्या बाई भाजीची पिशवी सावरत माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. मगदूम सरांच्या पत्नी, पद्मजावहिनी.

"कुठलं गॅसचं, वहिनी?"

"सिलिंडरचं हो. नंबर लावा, नंबर लावा म्हणून आठवडा झाला माझं तोंड दुखालंय. हे हो म्हणतात आणि विसरतात. तुम्ही लिहिलेलं मात्र एक विसरत नाहीत. परवा तुम्ही लिहिलं होतं ना, संध्याकाळी भिंतीला पाय लावून पडा म्हणून? घरात पाहुणे आले होते. पाहुण्यांच्या देखत पाय वर करून पडले."

मला इतकं हसू आलं की रेवाच्या तोंडातलं दूध सुटलं आणि ती चिडून रडायला लागली.

"हसू नका मॅडम. माझे मामा होते ते."

मगदूम सर मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजून द्यायच्या, हेच आयुष्यभर केलेलं. त्यामुळे मोजून दिलेली गोष्ट म्हणजे त्यांना देवाची आण. मी आठ किलोमीटर लिहिले आणि घर थोडं आधी आलं, तर ते स्वतःच्या दारावरून तसेच पुढे जायचे, आठ भरले की वळायचे आणि चालत घरी यायचे. शेजारचे म्हणायचे, मगदूम आज परत घर चुकले वाटतं.

दर शनिवारी संध्याकाळी मी प्रत्येकाला पुढच्या आठवड्याचा प्लॅन फोनवर पाठवायची. त्या शनिवारी मगदूम सरांच्या बुधवारात मी लिहिलं, 'सकाळी सहा किलोमीटर, सावकाश. त्यानंतर गॅसचा नंबर लावणे.' गंमत म्हणूनच लिहिलं. बुधवारी त्यांचा मेसेज आला, "ओके मॅडम. झालं."

ही बातमी कुणी पसरवली कोण जाणे. पंधरा दिवसांत मला सगळ्यांच्या घरून निरोप यायला लागले. डॉक्टरांच्या बायकोला त्यांच्या प्लॅनमध्ये सासूबाईंचा चष्मा हवा होता. पत्रेवाल्या शिंगट्यांच्या आईनं माणूस पाठवून सांगितलं, "जेवताना बोलत जा, असं लिहा त्याला." ग्रंथपालांच्या दहावीतल्या लेकीनं तर मला परस्पर मेसेज केला, "मॅम, बाबांच्या शुक्रवारात 'मुलीच्या मोबाईलकडे न बघणे' एवढं टाका ना, प्लीज." ते मी टाकलं नाही. बाकीचं सगळं लिहिलं.

मला ते फार आवडायला लागलं होतं, खरं सांगते. माझं पहिल्यापासून एकच म्हणणं असायचं की पळण्यापायी घरातल्यांनी कण्हायला नको. चाळिशीतला माणूस पहाटे घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या वाटणीचं काहीतरी घरात कुणीतरी उचलत असतं. ते आता मला एका कागदावर बसवता येत होतं. पळणंही आणि चष्माही. मी कौतुकानं मकरंदला सांगितलं.

"माझ्यासाठी पण लिही की काहीतरी," माझा नवरा म्हणाला. "रविवार, बायकोशी बोलणे, सावकाश."

"तू पळतोस का?"

"नाही. पण तू तरी कुठं पळतेस?" त्यानं फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे चुंबकाखाली रेवाचा तक्ता होता. दूध, झोप, औषधाचे थेंब, मालीश. "सगळ्यांचे तू लिहितेस. तुझा कोण लिहितं?"

"तो काय, माझाच आहे तो."

"त्यात तू कुठायस?"

मी वाटी-चमचा उकळायला ठेवायला वळले. विद्यापीठाच्या संघातून मी पळायची, लग्नानंतरही पळायची, गट सुरू केला तेव्हा सगळ्यांच्या पुढे असायची. पोटात रेवा आली तेव्हा बूट माळ्यावर गेले ते गेलेच. कुणी मला नको म्हटलेलं नव्हतं. बाळ लहान आहे, एवढंच मी म्हणायची, आणि ते कुणालाही पटायचं.

*

नोव्हेंबरात पद्मजावहिनी पुन्हा आल्या. या वेळी भाजीची पिशवी नव्हती आणि चेहऱ्यावर हसूही नव्हतं.

"आप्पांचं लिहाल का, मॅडम?"

आप्पा म्हणजे त्यांचे सासरे. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं. पण आप्पा पलंगावरून वॉकर धरून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत जायचे आणि खुर्चीतून पलंगावर. त्यापुढे एक पाऊल नाही.

"डॉक्टर म्हणालेत, आत्ता चालते झाले तर झाले. हा हिवाळा असा बसून काढला तर मग ते उठायचे नाहीत. कायमचं अंथरूण." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "व्यायाम करून घ्यायला एक मुलगा लावला होता. आप्पा एसटीत कंडक्टर होते, तुम्हाला माहीत नसेल. उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा असतो. काही पाहिजे असलं की हाक मारत नाहीत, ग्लास वाजवतात. एकदा वाजवला की आपण थांबायचं. दोनदा वाजवला की निघायचं. त्या मुलाला आल्या आल्या डबल बेल दिली त्यांनी. पुढच्या आठवड्यापासून तो यायचाच बंद झाला."

"आणि सर?"

"सर!" त्या म्हणाल्या. "आप्पांचं आणि ह्यांचं बोलणं म्हणजे, आलास? आलो. जेवलास? जेवलो. ह्यांच्या पळण्याला तर आप्पा नावं ठेवतात. मोठा माणूस चड्डीवर रस्त्यानं पळतोय म्हणतात. पण मुलानं हात धरला तर बाप उठेल की नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील."

मी लिहिलं. मगदूम सर मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसातून आल्यावर पळायचे. ते दोन्ही दिवस मी काढून टाकले आणि तिथे लिहिलं, 'आप्पांना घेऊन अंगणात चालणे.' लगेच त्यांचा फोन आला.

"मॅडम, किती?"

"किती म्हणजे?"

"अंतर."

"त्यांना जमेल तेवढं, सर."

"जमेल तेवढं म्हणजे..." ते अडकले. भल्या माणसाला खरोखर प्रश्न पडला होता.

"वीस मिनिटं धरा," मी म्हटलं.

मंगळवारी मेसेज आला, "ओके मॅडम. झालं." गुरुवारी आला. पुढच्या मंगळवारी, गुरुवारी आला. रेवाला थोपटता थोपटता मी ते वाचायची आणि मला आतून बरं वाटायचं. एक म्हातारा माणूस मुलाच्या आधारानं अंगणात पावलं टाकतोय असं डोळ्यांपुढे यायचं.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी पद्मजावहिनी घरी आल्या. रेवा झोपली होती म्हणून आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो.

"काय झालं सांगू? हे ऑफिसातून येतात, हातपाय धुतात, आप्पांच्या समोर जाऊन उभे राहतात. घड्याळ चालू करतात. म्हणतात, आप्पा, आज माझं पळणं रद्द, तुमचं चालणं लिहिलंय, उठा. आप्पा ग्लासावर चमचा मारतात. एकदा. टण्. झालं. वीस मिनिटं हे उभे, ते बसलेले. वीस मिनिटं झाली की हे घड्याळ बंद करतात आणि तुम्हाला मेसेज टाकतात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"रोज?"

"लिहिलेल्या दिवशी. तुमचं लिहिलेलं करतात हो, पण लिहिलेलंच करतात. आणि आप्पांना कळत नाही होय? मुलगा उभाय कुणाच्या तरी सांगण्यावरून, घड्याळ लावून. मी असते तर मीही उठले नसते."

 मग मी म्हटलं, "उद्या काहीच लिहीत नाही."

"म्हणजे?"

"उद्याचा रविवार रिकामा ठेवते. पळा पण नाही, बसा पण नाही. बघू आपले आपण काय करतात. आपले आपण आप्पांकडे गेले तर आप्पा उठतीलही."

वहिनींना ते पटलं. योगायोग असा की त्या रविवारी पाण्याचं टेबल त्यांच्याच दारात होतं. आमची ती पद्धत होती. रविवारचं मोठं पळणं हरिपूर रस्त्यानं व्हायचं, आणि वाटेत पाणी, लिंबू-मीठ, गूळ-शेंगदाणे ठेवलेलं टेबल दर आठवड्याला एकेकाच्या दारात लागायचं. घरच्यांनी हातानं पाणी द्यायचं. आपला माणूस पहाटे उठून नेमका कुठे जातो आणि काय करतो, ते घरच्यांना दिसावं म्हणून.

संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे फोन वाजला.

"मॅडम, रविवारचं राहिलंय."

"राहिलं नाही, सर."

"म्हणजे विश्रांती? तसं लिहायचं राहिलं?"

"विश्रांतीही नाही. काहीच लिहिलेलं नाही."

 पलीकडून अगदी लहान आवाजात, "बरं."

*

डिसेंबरातली सकाळ होती. नदीवरून आलेलं धुकं रस्त्यावर पसरलेलं, चिंचांचे बुंधे तेवढे काळे दिसत होते. मकरंदनं मला आणि रेवाला मगदुमांच्या दारात सोडलं. बैठं घर, पुढे छोटं अंगण, दोन पायऱ्या, लोखंडी फाटक, आणि फाटकाला लागूनच रस्ता. वहिनींनी टेबल मांडलं होतं, वर स्वच्छ चादरसुद्धा घातली होती.

"सर कुठायत?" मी विचारलं.

"फॅन पुसालेत."

"काय?"

"पहाटे उठले. बूट घातले. काढले. परत घातले, परत काढले. मग शिडी आणली. तिन्ही फॅन झाले, आता ट्यूबा चालल्यात."

"आणि आप्पांकडे?"

त्यांनी नुसती मान हलवली.

आमची माणसं धुक्यातून आली. सगळ्यांत पुढे डॉक्टर. एकेकानं पाणी घेतलं, "मगदूम कुठायत?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले. शिंगटे तेवढे थांबले, "आजारी आहेत काय हो? आज पहिल्यांदा मी त्यांच्या पुढं आहे," असं म्हणाले आणि आनंदात पळाले.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. टण्.

"अहो बाई!"

गजांच्या आड कानटोपी, गळ्याला मफलर, पांढरे खुंट वाढलेला चेहरा. रेवाला खांद्यावर घेऊन मी अंगणात गेले.

"लिहिणाऱ्या त्या तुम्हीच काय?"

"हो, आप्पा."

"मग जरा अजून जवळ या. मला येता येत न्हाई, तुम्हाला येतंय." त्यांचा आवाज भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. "आज आमचा भरत का न्हाई ह्यांच्यात?"

"आज त्यांना मी काही लिहून दिलं नाही."

"का? काय चुकलं त्याचं?"

"चुकलं काही नाही, आप्पा. रविवारी जरा घरात वेळ द्यावा म्हणून."

"कुणाला?"

"तुम्हाला."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. विनातिकीट माणसाकडे बघतात तसं.

"मी मागितला होता?"

 मागे वहिनी टेबलापाशी पाण्याचे पेले उगाच इकडचे तिकडे करत होत्या. त्यांचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं.

"मंगळवारी दिवेलागणीला तो ह्या रस्त्यानं पळत जायचा," आप्पा म्हणाले. "बेस्तरवारी पण. ते तुम्ही बंद केलं. का?"

"तुमच्या चालण्यासाठी..."

"तेच म्हणतोय मी. माझ्या चालण्यासाठी त्याचं पळणं कापलंत. स्वतः येऊन सांगतोय की मला, आज माझं पळणं रद्द, तुमचं चालणं. आता मी उठलो असतो तर? म्हातारा चालाय लागला, उपाय लागू पडला म्हणून तुम्ही बुधवार कापला असता. मग शुक्रवार. म्हणून बसून राहिलो. म्हटलं, कंटाळून आपोआप सोडतील आणि पोराचं पळणं परत सुरू होईल. तर तुम्ही रविवारच खाल्लात!"

रेवानं माझ्या कानातलं ओढलं. मी तिची मूठ सोडवत राहिले.

"ह्या खिडकीतनं रस्ता किती दिसतो बघा," त्यांनी गजातून बोट बाहेर काढलं. "त्या विजेच्या डब्यापास्नं त्या चिंचेपर्यंत. बास. तेवढ्यात तो येतो आणि जातो. तेवढ्यासाठी रविवारी पहाटे उठून, तोंड धुऊन, टोपी घालून बसतोय मी. सून म्हणती, आप्पांना झोप लागत न्हाई."

"तुम्ही त्यांना कधी बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? कंडक्टर कधी डायव्हरला म्हणतोय, तू छान चालवतोस म्हणून? घंटी मारायची. गाडी जाती."

आत काहीतरी वाजलं. मी आप्पांच्या खांद्यावरून पाहिलं. खोलीच्या दारात मगदूम सर उभे होते. हातात फडकं, केसांत फॅनची धूळ. ते कधीचे तिथे होते देव जाणे.

"आप्पा," ते म्हणाले, "तुम्ही तर म्हणायचा, मोठा माणूस चड्डीवर रस्त्यानं..."

"म्हणायचो. अजून म्हणतोय. चड्डी जरा लांब घाल." आप्पांनी मान वळवली नाही. रस्त्याकडेच बघत राहिले. "पण पळताना बरा दिसतोस."

मगदूम सरांनी फडक्याची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, मग आज किती?"

आकडा माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

"मला नका विचारू. ज्यांना बघायचंय त्यांना विचारा."

"मला काय कळतंय किती?" आप्पा खेकसले. "जा म्हणजे जा. त्या चिंचेच्या पुढचं मला काही दिसत न्हाई. पुढं कुठंवर जायचं ते तुझं तू बघ."

सर आत बूट घालायला गेले. मी टेबलाकडे वळणार, तोच पुन्हा टण्.

"आणि तुम्ही?"

"मी काय, आप्पा?"

"सगळ्यांना पाणी पाजालाय. तुम्ही पळत न्हाई होय?"

"बाळ लहान आहे ना."

"ते मला पण दिसतंय," आप्पा म्हणाले. "मी विचारलं, तुम्ही पळता का."

इतके महिने ते एक वाक्य म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही.  वहिनी कधी जवळ आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या तिला. मी दोन वाढवलेत."

"अहो, पण..."

"आत्ता पाजलंत ना? मग आता तास तरी काढेल ती. हे माझे बूट घाला. थोडे मोठे होतील, दोन मोजे चढवा."

*

वहिनींचे बूट टाचेत सैल होते. पहिल्या शंभर पावलांत मला वाटलं, हे शरीर माझं नाहीच. कंबर कुठल्या कुठे, पोट वेगळंच हलतंय, छाती जड. दूध सुटलं आणि टी-शर्ट ओला झाला. ओढणी घट्ट बांधून घेतली आणि पळत राहिले. मगदूम सर शेजारून निघाले होते, पण माझ्यासाठी मुद्दाम सावकाश.

"तुम्ही व्हा पुढे," मी धापा टाकत म्हटलं. "बोलता येत नाही मला."

"मग वेग कमी करा, मॅडम. बोलता येईल एवढंच पळायचं, तुम्हीच सांगता."

मी वेग कमी केला. चिंच मागे पडली. धुकं वर उचललं जात होतं, उसाच्या फडावर कोवळं ऊन आलं होतं. बराच वेळ आमच्या बुटांचाच आवाज. मग ते आपणहून बोलायला लागले. मला वाटतं, मी त्यांना प्लॅनशिवाय दुसरं काही बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

"आप्पांच्याच गाडीनं मी शाळेला जायचो. गाडीत मला ओळख द्यायचे नाहीत. चला, पुढं सरका, असं मलाही म्हणायचे. मला राग यायचा." ते थोडे थांबले. "पण शाळेपाशी मी उतरलो की लगेच घंटी मारायचे नाहीत. मी फाटकातून आत जाईपर्यंत गाडी तशीच उभी. ड्रायव्हर ओरडायचा, अहो मगदूम, बेल द्या की. मी आत गेलो की मग वाजायची. वर्गापर्यंत ऐकू यायची मला. टण् टण्."

मी वेग आणखी कमी केला. श्वास पुरत नव्हता म्हणून नव्हे.

"हे मला आत्ता आठवलं," ते म्हणाले. मग बाहीनं तोंड पुसलं. घाम असेल.

हरिपूरच्या अलीकडे, जिथे रस्ता वळतो, तिथून आम्ही परतलो. येताना पाय जरा माझे वाटायला लागले होते. चिंच आली, तिच्या खालून पलीकडे मगदुमांचं घर दिसायला लागलं, तसे सर एकदम बावरले. त्यांचं पाऊल चुकलं.

खिडकी रिकामी होती.

आप्पा फाटकाशी उभे होते. कानटोपी, मफलर, दोन्ही हातांनी फाटकाच्या सळ्या धरलेल्या. वॉकर मागे पायऱ्यांपाशीच राहिलेला, एका बाजूला कललेला. पायऱ्यांपासून फाटकापर्यंतचं अंगण त्यांनी कसं ओलांडलं ते आम्हाला दिसलं नव्हतं. दोन हात अंतरावर वहिनी होत्या, त्यांच्या खांद्यावर रडणारी रेवा. त्यांनी आप्पांना धरलं नव्हतं. एक हात मात्र हवेत तयार ठेवला होता, आणि डोळे मोठे करून आम्हाला खुणावत होत्या, काही बोलू नका.

सर थांबायलाच आले होते. पळणं सुटून ते चालायला लागले. "आप्पा..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं.

आप्पांनी एक हात सळीवरून काढला. फाटकाची लोखंडी कडी उचलली आणि आपटली.

टण् टण्.

 मगदूम सरांनी मान खाली घातली आणि पळायला लागले. बापाच्या समोरून, स्वतःच्या दारावरून, न थांबता, विजेच्या डब्याच्याही पुढे. खिडकीतून कधी न दिसलेल्या रस्त्यावर. आप्पा फाटकावर ओणवून बघत होते. मुलगा वळणाआड गेला तरी बघत होते.

मी मागे राहिले होते. रेवाचा रडका सूर लागला होता आणि माझे पाय आपोआप तिच्याकडे वळत होते. वहिनी तिला थोपटत होत्या. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी कडी पुन्हा उचलली.

मी विजेच्या डब्यापर्यंत जाऊन आले. फार नाही, तेवढंच.

*

त्या संध्याकाळी मगदूम सरांचा मेसेज आला नाही. मीही विचारलं नाही. मंगळवार-गुरुवार मी त्यांच्या प्लॅनमध्ये परत पळणं लिहिलं, नुसतं पळणं. पद्मजावहिनींकडून कळलं की त्या दोन्ही दिवशी दिवेलागणीला आप्पा स्वतःच फाटकापर्यंत येतात, कारण फाटकातून जास्त रस्ता दिसतो. माझ्या फ्रिजवरच्या तक्त्यात मकरंदनं एका चौकोनात माझं नाव लिहिलं. गॅसचे नंबर मी परत कुणाला लिहून दिले नाहीत. ग्रंथपालांच्या लेकीला तेवढं वाईट वाटलं.

रेवा आता पहिलीत आहे. आज सकाळी तिला शाळेपाशी सोडलं. तिनं मागे वळून बघितलं नाही, दप्तर हलवत पळत सुटली. ती फाटकातून आत जाईपर्यंत मी स्कूटर सुरू केली नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता. मारू दे.